स्तुती नको असं लिहून गेलेल्या पाळकसाहेबांची आठवण कशी करायची

बाळा, तुझा मेसेज रात्री वाचला पण लगेच उत्तर लिहायला हात उचलला नाही. साहेब गेल्याचं मला सोमवारीच कळलं होतं, दफनाला मी होतोही, तरी तू लिहिलंस ना की रविवारी तिसऱ्या बाकाच्या टोकाला कुणी बसलंच नाही, सगळे आपोआप जागा सोडून बसले, ते वाचलं आणि मग खरं रडू आलं.

तुझा प्रश्न मला समजला तो असा. साहेब रिटायर होऊन पुण्याला मुलीकडे आले, इतकी वर्षं आपल्या मंडळीत बसले, आता त्यांची स्मरण-उपासना घ्यायचीय आणि कमिटीने ते काम तुझ्यावर सोपवलंय. नऊ जण बोलायला तयार आहेत. दोघं म्हणतात आम्ही बोलणार नाही, कारण त्यांचं साहेबांशी बिनसलेलं होतं. मध्य प्रदेशातून छिंदवाड्याकडची, त्यांच्या जुन्या मंडळीतली माणसं येणार आहेत. आणि साहेबांनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय की माझ्या मागे माझी स्तुती करू नये. मग काका, दीड तास बोलायचं काय, असं तू विचारलंस.

मी पाळक नाही, ले-रीडर आहे, पण गेली तीस वर्षं पुण्यातल्या मराठी मंडळ्यांमधून, कॅम्पापासून हडपसरपर्यंत, दफनाच्या आणि स्मरणाच्या उपासना चालवत आलोय, पाळक बाहेरगावी असले की घरचे मलाच बोलावतात, त्यामुळे काय जमतं आणि काय फसतं हे बऱ्यापैकी पाहिलंय. आणि या माणसावर माझं प्रेम होतं. तेव्हा जरा लांबेल, सावकाश वाच.

आधी ती स्तुती नको वाली ओळ. कमिटीतल्या काहींना वाटतंय की हा साहेबांचा विनय, मोठी माणसं असं म्हणतातच, आपण आपलं दोन शब्द चांगले बोलायचेच. माझं मत वेगळं आहे. ती ओळ लुथरन माणसाची आहे आणि ती त्यांनी अगदी समजून लिहिलीय. आपल्याकडे पुण्यात बहुतेक जण सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, मेथडिस्ट वगैरे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळे पंथ एकत्र येऊन सीएनआय झाली तेव्हा लुथरन मंडळ्या त्यात आल्या नाहीत, त्या आपापल्या वेगळ्याच राहिल्या, छिंदवाडा-बैतूलकडे स्वीडनच्या मिशनमधून उभी राहिलेली मंडळी आहे त्यातले आपले साहेब. म्हणून आपल्या लोकांना लुथरन म्हणजे काय हे फारसं माहीत नसतं, आपल्यासारखेच पण जरा जुन्या वळणाचे, एवढंच.

तर लुथरन म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर याच्या शिकवणीतले, आणि त्यांचा मूळ दस्तऐवज म्हणजे १५३० चा आउग्सबुर्गचा विश्वासांगीकार, आपण काय मानतो याचं जाहीर निवेदन. त्याचं एकविसावं कलम संतांच्या आठवणीबद्दल आहे. त्यात आठवण करू नका असं कुठेही नाही. उलट आठवण जरूर करा असंच आहे, फक्त त्यांच्याकडे काही मागू नका, मध्यस्थ एकच, ख्रिस्त. पुढच्याच वर्षी, १५३१ मध्ये, ल्यूथरचा सहकारी मेलांख्थोन याने त्या विश्वासांगीकाराचं समर्थन लिहिलं, त्यात तो म्हणतो की गेलेल्यांचा मान तीन तऱ्हेने करावा. पहिलं, देवाचे आभार, की त्याने असा माणूस मंडळीला दिला. दुसरं, आपला विश्वास बळकट करून घेणं, आणि इथे तो उदाहरण देतो येशूचा शिष्य पेत्र याच्या नाकारण्याचं. त्याने प्रभूला तीनदा नाकारलं आणि तरी त्याला क्षमा मिळाली, हे बघून आपल्याला धीर यावा की कृपा पापापेक्षा मोठी आहे. आणि तिसरं, त्यांचं अनुकरण, आधी त्यांच्या विश्वासाचं, मग बाकीच्या गुणांचं, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या कामधंद्यात राहून.

बघ, यात स्तुती कुठेच नाही पण बोलायला केवढं तरी आहे. साहेब किती महान होते हे सांगायचं नाही, देवाने त्यांच्या हातून आपल्याला काय दिलं ते सांगायचं. बोलणारा माणूस तोच, पण वाक्याचा कर्ता बदलतो. हा फरक एकदा त्या नऊ जणांच्या डोक्यात बसला की तुझं निम्मं काम झालं.

आता ते त्यांच्या डोक्यात बसवायचं कसं. त्यासाठी साहेबांचीच पद्धत वापर. तुला आठवतं ना, ते कुणी काही बोललं की म्हणायचे, "हो, पण याचा अर्थ काय?" आपली पोरं त्यांची नक्कल करायची. ते त्यांचं स्वतःचं वाक्य नव्हे, ल्यूथरने १५२९ मध्ये छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, घरातल्या बापाने मुलांना शिकवावी म्हणून, तिच्यात प्रत्येक आज्ञेनंतर, प्रेषितांच्या विश्वासांगीकाराच्या प्रत्येक भागानंतर, प्रभूच्या प्रार्थनेतल्या प्रत्येक विनंतीनंतर हाच प्रश्न येतो, याचा अर्थ काय? आणि उत्तर कधीच हवेत नसतं. देव निर्माणकर्ता आहे याचा अर्थ काय, तर त्याने मला डोळे दिले, कान दिले, हातपाय दिले, कपडे आणि जोडे दिले, खाणंपिणं, घरदार, शेत, गुरं दिली. जोडेसुद्धा! साहेब पावसाळ्यात चपला दाराशी काढताना हे म्हणायचे, मी दोनदा ऐकलंय.

तर जो कुणी तुला येऊन सांगेल की साहेब फार प्रेमळ होते, त्याला विचार, याचा अर्थ काय? साहेब प्रार्थनेचे माणूस होते, याचा अर्थ काय? कुठे, केव्हा, कुणाबरोबर, काय केलं? माणूस थोडा गडबडतो, मग गप्प होतो, आणि मग जे सांगतो ते सोनं असतं. मी तीस वर्षांत हेच पाहिलंय की प्रेमळ, मनमिळाऊ, सेवाभावी हे तीन शब्द प्रत्येक मेलेल्या माणसाला लावले जातात आणि बाकावर बसलेल्या बायकोच्या चेहऱ्यावर काहीही हलत नाही, पण कुणी म्हणालं ना की ते चहाच्या बशीत आधी मुलाला ओतून द्यायचे, की ती माउली लगेच मान वर करते.

माझंच सांगतो. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा दफन सोलापूर रोडच्या दफनभूमीत होतं. तुला माहितीये आपल्याकडे कसं होतं, पेटी खाली गेली, पाळकांनी मातीस माती म्हटलं, सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली, गीत झालं, आणि लोक गाड्यांकडे वळले, उन्हाचे दिवस होते, कुणाला दोष नाही. मीही वळलो. गेटापाशी आलो आणि मागे पाहिलं तर साहेब अजून तिथेच उभे, टोपी हातात, आणि खड्डा भरणारी दोन पोरं फावड्याने माती ओढतायत. शेवटचं फावडं पडून माती थोपटून होईपर्यंत ते हलले नाहीत. मग त्यांनी त्या पोरांची नावं विचारली, कुठल्या गावचे विचारलं, आणि माझ्याजवळ येऊन एवढंच म्हणाले, "पूर्ण झालं बरं, मी पाहून राहिलो होतो." त्यांची ती सौसरकडची मराठी, येऊन राहिलो, पाहून राहिलो. भावाला एकटं टाकून आलो असं मला जे आतून खात होतं ते त्या एका वाक्याने थांबलं. तेव्हापासून मी स्वतः कुठल्याही दफनाला शेवटच्या फावड्यापर्यंत थांबतो. मेलांख्थोनने सांगितलेल्या तीनही गोष्टी यात आल्या का बघ, आभार, धीर आणि अनुकरण, आणि स्तुतीचा एक शब्द नाही. सभेत मी हेच बोलणार आहे, तीन मिनिटांत बसतं.

आणि तीन मिनिटं म्हणजे तीनच. याबद्दल मी कडक आहे आणि त्याला कारण आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मंडळीत, नाव सांगत नाही, एका वयस्कर पाळकांची सभा मी चालवत होतो, अकरा जण बोलले, प्रत्येकाने जन्मापासून सुरुवात केली, एकाने स्वतःच्या संस्थेचा अहवालच दिला, अडीच तास झाले आणि पाळकीणबाई, वय ऐंशीच्या वर, पहिल्या बाकावर पाण्याशिवाय बसलेल्या, शेवटी त्यांची सून त्यांना धरून बाहेर घेऊन गेली आणि आशीर्वाद झाला तेव्हा ज्यांच्यासाठी सगळं केलं त्याच आत नव्हत्या. माईक माझ्या हातात होता, थांबवायचं माझं काम होतं, मी भिडेला पडलो. ते मी विसरलेलो नाही. तेव्हा नऊ जण नकोत, पाच पुरे. बाकीच्यांना सांग लिहून द्या, आपण सगळं एकत्र करून घरच्यांना देऊ, आणि खरंच दे, नुसतं म्हणू नको. पाचजणांकडून आधी तोंडी ऐकून घे, दोघांचा किस्सा एकच निघाला तर एकाला दुसरा शोधायला लाव.

पाच कोण? पदाने निवडू नको. एक छिंदवाड्याकडचं माणूस, एक त्यांच्या जुन्या दृढीकरणाच्या, म्हणजे कन्फर्मेशनच्या, वर्गातलं कुणी, एक आपल्या मंडळीतलं, एक शेजारी जो ख्रिस्ती नाही, आणि एक लहान. शेजारी मुद्दाम म्हणतोय. सोसायटीतले ते जोशी आडनावाचे आजोबा सकाळी साहेबांबरोबर फिरायला जायचे, आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात येतात तेव्हा दोघं मिळून पुलाशी उभे राहून वारकऱ्यांना पाणी द्यायचे, हे आपल्या मंडळीतल्या किती जणांना माहीत आहे? त्यांना बोलव. ते काय बोलतील याची काळजी करू नको.

आता तो अवघड भाग, ज्यांचं बिनसलेलं होतं ते दोघं. यावर मी दोन दिवस विचार केला. साहेबांचा राग मला माहीत आहे, वेळेवरून ते कुणालाही बोलायचे, उपासनेला पाच मिनिटं उशीर झाला की दारातच, आणि एकदा गाण्याच्या प्रॅक्टिसवरून जे झालं त्यात त्यांची चूक होती, मी तिथे होतो, चूक होती. नंतर ते स्वतः त्या घरी गेले होते हेही मला माहीत आहे, पण दार उघडलं गेलं नाही.

हे सभेत झाकायचं का? ल्यूथर १५४६ साली फेब्रुवारीच्या १८ तारखेला आइसलेबेनला वारला, त्याच्या जन्मगावीच, आणि २२ तारखेला विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये दफन झालं. उपदेश बुगेनहागेनने केला, तो गावचा पाळक आणि ल्यूथरचा जुना मित्र, त्याने सुरुवातीलाच सांगितलं की रडण्यामुळे मला बोलता येईल की नाही कोण जाणे. नंतर मेलांख्थोन बोलला. आणि एवढ्या मोठ्या माणसाच्या दफनात, सगळ्या विद्यापीठासमोर, त्याने सांगून टाकलं की काही चांगल्या मनाच्या लोकांनाही ल्यूथर गरजेपेक्षा जास्त कडक वाटायचा, मी ते नाकारत नाही. मग त्या काळचा मोठा विद्वान इरास्मस याचं वाक्य सांगितलं, की रोग मोठे होते म्हणून देवाने या काळाला वैद्यही जहाल दिला. मला हे फार आवडतं. झाकलंही नाही आणि उगाळलंही नाही.

तेव्हा साहेबांचा राग कुणीतरी प्रेमाने, एका वाक्यात, बोलून दाखवावा, बहुतेक ते काम त्यांच्या मुलीनेच करावं कारण तिला तो सगळ्यात जास्त माहीत आहे आणि तिने म्हटलं की लोकांना मोकळं वाटेल. पण हिशेब चुकते करायची ती जागा नाही. छोट्या प्रश्नोत्तरीत खोटी साक्ष देऊ नको ही आठवी आज्ञा आहे, लुथरन गणतीप्रमाणे आठवी, आपल्याकडे ती नववी धरतात. तिचा अर्थ ल्यूथर सांगतो तो असा, की शेजाऱ्याची निंदा तर करू नयेच, पण त्याची बाजू घ्यावी, त्याच्याबद्दल चांगलं बोलावं आणि सगळ्याचा होईल तेवढा चांगला अर्थ लावावा. हे दोन्हीकडून लागू आहे. त्या दोघांबद्दलही चांगलाच अर्थ लावायचा. त्यांना बोलायचा आग्रह करू नको, पण तू स्वतः त्यांच्या घरी जा, फोन नको, आणि सांग की साहेब आले होते. एवढंच सांग, बाकी काही नको. त्यांना माहीत नसेल कदाचित. आणि त्यांना काहीतरी काम दे, खुर्च्या लावायचं, दारात प्रोग्रॅमची कागदं वाटायचं. ज्यांना तोंडाने बोलता येत नाही त्यांना हाताने निरोप देता यावा. मी हे तीनचार वेळा करून पाहिलंय, एकदा नाही म्हणाले, बाकीच्या वेळी आले.

छिंदवाड्याबद्दल. रिटायर झालेल्या पाळकाच्या सभेत एक गोची असते जी चालू पाळकाच्या सभेत नसते. जी मंडळी त्याला पुरते तिने त्याला म्हातारपणीच पाहिलेलं असतं. आपण साहेबांना काठी घेऊन तिसऱ्या बाकावर बसलेलेच पाहिले, पण त्यांची चाळीस वर्षं तिकडे गेली, तिथल्या माणसांनी त्यांना सायकलवरून जंगलातल्या वाड्यांवर जाताना पाहिलंय, त्यांच्या हातून बाप्तिस्मे घेतलेत, लग्नं लावून घेतलीत. त्या लोकांना आपण पाहुणे समजतो, खरे घरचे तेच. जे येऊ शकणार नाहीत त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात निरोप मागव, लिहायला सांगितलंस तर नुसतं श्रद्धांजली लिहून पाठवतील, बोलायला सांगितलंस तर सांगतील. हिंदीत असू दे, गोंडीत असला तरी असू दे, भाषांतर कर पण आवाज ऐकव. आणि तिथल्या सेक्रेटरींना विनंती कर की जुनी रजिस्टरं काढून साहेबांच्या सहीचे किती बाप्तिस्मे, किती दृढीकरणं, किती दफनं आहेत ते मोजून कळवा. आकडा आला तर तो वाच, नुसता आकडा, त्यावर भाष्य नको. नाही आला तर अंदाजाने हजारो वगैरे म्हणू नको, साहेबांना ते अजिबात खपलं नसतं.

साहेबांच्या पाळकीणबाईंना विसरू नको. त्या आधीच गेल्या म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. दर चारपाच वर्षांनी बदली, नवीन बंगला, तोही मंडळीचा, स्वतःचं म्हणून एक कपाट सोडून काही नाही, रात्री अकराला दार वाजलं की उठून चहा टाकायचा तो त्यांनी, आणि साहेबांची मुलं, ज्यांनी बाप सगळ्या गावात वाटून घेतला. माझं नम्र मत असं की सभेत पहिला आभार त्या घराचा मानावा, देवाच्या आभारानंतर लगेच, आणि मुलीला स्पष्ट शब्दांत सांगावं की तुमचे बाबा आम्हाला दिलेत, ते दिवस परत करता येत नाहीत, पण आम्हाला ठाऊक आहे. अशा वेळी मी पाळकांच्या मुलांना पहिल्यांदा रडताना पाहिलंय, दफनाला ती रडलेली नसतात, दफनाला ती लोकांना सांभाळत असतात.

आता एक गोष्ट जी तू विचारली नाहीस पण मला तातडीने सांगायचीय. तू लिहिलंस की साहेबांच्या वह्या मिळाल्यात आणि कुणीतरी त्यांची पानं फोटो काढून ग्रुपवर टाकायचं म्हणतंय. थांबव. आजच थांबव. उपदेशाच्या टिपणांच्या वह्या वेगळ्या आणि प्रार्थनेच्या वेगळ्या. ते दर बुधवारी बसने ससूनला जायचे, बाहेरगावचे पेशंट, ज्यांचं पुण्यात कुणी नाही, त्यांच्याजवळ बसायचे, आणि घरी येऊन प्रार्थनेच्या वहीत नावं लिहायचे, नावापुढे आजार, कधी घरची भानगड, कधी माणसाने स्वतःबद्दल सांगितलेलं काहीतरी जे त्याने बायकोलाही सांगितलेलं नसतं. लुथरनांनी खाजगी पापकबुली टाकून दिली नाही, आउग्सबुर्गच्या अकराव्या कलमात ती ठेवायची असंच म्हटलंय, आणि पाळकाने ऐकलेलं पाळकाबरोबर कबरीत जातं हा नियम साहेब अक्षरशः पाळायचे. ती वही त्यांच्या हातातून सुटली म्हणून ती आपली झाली नाही. मुलीला सांग की प्रार्थनेच्या वह्या कुणीही न वाचता बांधून ठेवाव्यात, आणि त्यांच्याच पंथाचे कुणी जबाबदार पाळक येतील त्यांना विचारून काय ते ठरवावं. उपदेशाच्या वह्या मात्र जपा, स्कॅन करा, त्यातलं एखादं पान सभेत वाचा. माझ्या मते त्यांचा आवाज ऐकायचा सगळ्यात चांगला मार्ग तोच.

गाणी. इथे मोकळी हो. ल्यूथरने १५४२ मध्ये दफनाच्या गीतांचा एक छोटा संग्रह काढला, त्याच्या प्रस्तावनेत तो लिहितो की मेलेल्यांसाठीची जागरणं, मिस्सा म्हणजे कॅथलिक पद्धतीची उपासना, ते सगळं आम्ही चर्चमधून काढून टाकलं, आणि आता आम्ही रडगाणी म्हणत नाही, पापांची क्षमा, विसावा, झोप, जीवन आणि पुनरुत्थान यांची सांत्वनाची गाणी म्हणतो. तेव्हा उपासनासंगीतातून, आपल्या गीतांच्या पुस्तकातून, पुनरुत्थानाची निवड, ईस्टरचं गीत ठेवलंस तरी चालेल, कुणी विचारलं तर माझं नाव सांग. ल्यूथरचं आमचा देव भक्कम गड हे गीत छिंदवाड्याच्या लोकांना हिंदीत म्हणू दे, एक कडवं ते, एक आपण मराठीत, चाल एकच आहे. पेटी आणि तबला असू दे, साहेबांना तबला फार आवडायचा, बोटांनी बाकावर ताल धरायचे.

पण आनंदाची गाणी म्हणजे रडायचं नाही असं कुणी व्यासपीठावरून सांगितलं तर मला राग येईल. आपल्याकडे काही उपदेशक म्हणतात, विश्वासणारे रडत नाहीत. त्याच १५४२ साली सप्टेंबरमध्ये ल्यूथरची मुलगी माग्डालेना तेरा वर्षांची असताना गेली. त्याने मित्राला पत्रात लिहिलं की आम्ही देवाचे आभारच मानायला हवेत कारण ती सुटली, पण माया इतकी आहे की रडल्याशिवाय, आतून तुटल्याशिवाय, आम्हाला ते जमत नाही. ज्याने सांत्वनाची गाणी छापली त्यानेच हे लिहिलं, एकाच वर्षात. दोन्ही खरं आहे. थेस्सलनीकाच्या पत्रातही आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं आहे, शोकच करू नका असं नाही.

बाकीचं पटकन. फोटो ठेवायला काहीच हरकत नाही, हाराबद्दल मी वाद घालत नाही पण वेदीवर नको, बाजूला टेबलावर ठेव, वेदीवर फक्त क्रूस आणि बायबल. प्रार्थना साहेबांकडे नाही, साहेबांसाठी काही मागायचीही नाही, त्यांच्याबद्दल आभाराची आणि राहिलेल्यांसाठी. प्रभुभोजन ठेवायचं का ते आपल्या पाळकांना विचार, साहेबांना आवडलं असतं एवढं मी सांगू शकतो. शास्त्रपाठ इब्री १३ चं सातवं वचन घे, ज्यांनी तुम्हाला वचन सांगितलं त्यांची आठवण करा, त्यात आठवण करा आणि विश्वासाचं अनुकरण करा हे दोन्ही आहे. आणि दुसरा पाठ २ करिंथ ४ मधला, मातीच्या भांड्यात ठेवलेला ठेवा. कागदावर छापायच्या तारखा मुलीकडून लिहून घे आणि दुसऱ्याकडून तपासून घे, मी एकदा एका आजींच्या गावाचं नाव चुकवलं होतं, तेवढं एक अक्षर त्यांच्या मुलाला अजून आठवतं. दरवर्षी आठवण करायची असेल तर वेगळा दिवस शोधू नको. लुथरन मंडळ्यांत बऱ्याच ठिकाणी मंडळीच्या वर्षाच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या आधीच्या, त्या वर्षात गेलेल्यांची नावं वाचतात, जर्मनीत प्रशियाच्या राजाने १८१६ मध्ये तो दिवस ठरवून दिला तेव्हापासून. आपल्या पाळकांना विचारून नोव्हेंबरमध्ये तेवढं करता येईल, साहेबांचं नाव इतरांच्या नावांमध्ये, वेगळं नाही, आदल्या महिन्यात गेलेल्या आपल्या झाडूवाल्या मावशींच्या नावाशेजारी.

आणि पद्धत कुणाची, हा कमिटीचा प्रश्न. आपलीच ठेव. साहेब इतकी वर्षं आपल्या पद्धतीने उपासनेला बसले, एकदाही म्हणाले नाहीत की आमच्यात असं नसतं. फक्त एक गोष्ट त्यांची घे. दफनाच्या उपदेशात मयताचं नाव कमीत कमी आणि ख्रिस्ताचं जास्तीत जास्त असावं, असं ते मला म्हणायचे. उपदेश कोण करणार ते ठरलं की त्यांना हे माझ्या नावाने नाही, साहेबांच्या नावाने सांग.

ल्यूथर गेल्यावर त्याच्याजवळ एक चिठ्ठी सापडली होती, मरायच्या दोन दिवस आधी लिहिलेली. तिच्यात तो म्हणतो की रोमन कवी व्हर्जिलची धनगरांची गाणी कळायला पाच वर्षं धनगर व्हावं लागतं, आणि शास्त्र चाखलं असं म्हणायला शंभर वर्षं संदेष्ट्यांबरोबर मंडळ्या सांभाळाव्या लागतील. आणि शेवटची ओळ, आपण भिकारी आहोत, हेच खरं. साहेबांनी ही गोष्ट मला भैरोबा नाल्याच्या सिग्नलला, रिक्षात, सांगितली होती, आणि म्हणाले, मी चाळीस वर्षं मेंढरं राखली, अजून साठ बाकी आहेत. तू वहीतली ती ओळ सभेत वाचणार असशील तर आधी ही चिठ्ठीची गोष्ट सांग आणि मग वाच, लोकांना कळेल त्यांनी ती का लिहिली.

छिंदवाड्याची माणसं नागपूरमार्गे रात्रीच्या गाडीने येतील, म्हणजे सकाळी पोचतील, थकलेली असतील. स्टेशनला कुणाला तरी पाठव, आंघोळीची सोय हॉलमागे आहे तिथली टाकी आदल्या दिवशी भरून घे. मी सातला येतो, पेटी माझ्याकडची घेऊन. तिसऱ्या बाकाच्या टोकाला त्यांच्यातलं जे सगळ्यात म्हातारं माणूस असेल त्याला बसव.